एकशे आठ पौंड

साखरीनाट्याच्या जेटीवर मी काटा धरतो.
पाटी चढते, सुई थरथरते,
मी आकडा ओरडतो, मेहताजी लिहितो.
बत्तीस. एकेचाळीस. अडतीस, बर्फ वजा.
सुई एकोणपन्नासच्या केसभर अलीकडे थांबली
की माझा आवाज अडतो.
हूरबी कावते, "बॉक्सर, आटप रे, म्हाकूल मऊ पडतंय."

एवढंच वजन होतं त्याचं.
चू दोंग-ग्यू.
जहाजावर कुणालाच ते नाव नीट म्हणता यायचं नाही,
आम्ही त्याला चूगू म्हणायचो.

बुसानला आमचं जहाज एकवीस दिवस दुरुस्तीला चढलेलं.
मी भंडाऱ्याच्या हाताखाली, वय बावीस,
बोटांना कांद्याचा वास.
गोदीमागच्या गल्लीत दोऱ्यांवर म्हाकुलं वाळत होती,
आपल्या बोंबलांसारखीच, वास तेवढा गोडसर,
आणि त्यांच्यापलीकडे, लाकडी जिना चढून, तालीम.
त्यांना हवा होता कुणीतरी डावखुरा, बुटका, हलका,
मार खायला.
मी तिन्ही होतो. चौथंही जमेल म्हटलं.

रोज चार फेऱ्या.
पहिल्या दिवशी त्याचा हात मला दिसलाच नाही.
बरगडीला लागल्यावर कळायचं, येऊन गेला.
नाट्याच्या खाडीतल्या बुडत्या खडकासारखा,
होडीला आधी समजतो, तांडेलाला मागाहून.

त्याचा उजवा खांदा खाली होता.
खुणांनी सांगितलं त्याने: मासळीबाजार, बर्फाची लादी, पाठ,
आणि जमिनीपासून एवढासा हात, म्हणजे एवढा होतो मी.
मी माझा खांदा दाखवला.
पहिल्यांदा हसला. दात किडलेले.
मग पाचवी फेरी झाली, ठरलेली नसताना.

वजनाच्या आधी दोन दिवस तो पाणी पीत नसे.
तोंडात लिंबाची साल, मांडीवर डबा,
थुंकत बसायचा थेंब थेंब.
मला वाटलं, रोजा मला माहीत आहे.
पण आपल्या रोजाला मगरिब असते.

जगज्जेता झाला तेव्हा मी एडनच्या वाटेवर होतो.
रेडिओवाल्या पिंटोने सांगितलं, नवव्या फेरीत, पोटात.
मी डेकवर एकटाच नाचलो.
नंतर बातम्या बंदराबंदरांत भेटत गेल्या:
मोम्बासाला कळलं, तिसऱ्यांदा पट्टा राखला,
चितगावला सातव्यांदा,
आठवा सामना मला कधी कळलाच नाही,
अकरावा कळला पेनांगच्या न्हाव्याकडून, अर्धी दाढी झालेली असताना.
अकरा माणसं आली. अकरा माणसं परत गेली.

बाराव्या वेळी माणूस आडवा आला नाही, काटा आला.
दोनशे ग्रॅम जास्त.
म्हणजे बांगडे किती? दोन. तेही बारके.
दोन तास दिले त्याला.
रबरी कपड्यांत दोरीवरून उड्या मारल्या,
डोकं भादरलं, नखं काढली, अंगावर धागा ठेवला नाही.
तरी पन्नास ग्रॅम राहिलेच.
मूठभर जवळा, बस.
पट्टा तिथेच काढून घेतला, मोकळ्या खोलीत.

पुढे वरच्या वजनात दोन सामने, दोन्ही हरला.
दुबईच्या गोदीत एक कोरियन इंजिनियर म्हणाला, तो बर्फ विकतो.
दुसरा म्हणाला, वारला.
तिसऱ्याने नावच ऐकलं नव्हतं,
आणि मला सगळ्यात जास्त राग त्या तिसऱ्याचा आला.

इथे मला पोरं विचारतात, चाचा, तुम्ही कुणाला हरवलंत?
कुणालाच नाही.
एकदा, सतराव्या दिवशी, माझा डावा त्याच्या हनुवटीला लागला.
त्याने मान हलवली, जशी मेहताजी हलवतो
आकडा बरोबर असला की.

हूरबीची पाटी काट्यावरून उतरली
की मी वर मूठभर जवळा टाकतो.
तो कुणाच्या वहीत चढत नाही.
"हे कशाचं?" ती दर वेळी विचारते.
चल, पुढची आण.